शेवटच्या माणसाच्या मागे

शालन, तू गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा नदीकाठाने चालायला गेलो आणि परबकाका मागे राहून गेले. बातमी एवढीच आहे. ते सापडले. धडधाकट होते, काठावरच्या करंजाखाली बसून डबा खात होते. पण तू असतीस तर हे घडलं नसतं, आणि ते का घडलं नसतं हे आमच्यापैकी कोणालाच त्या दिवसापर्यंत नीट माहीत नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

तुझ्याबद्दल पेपरात द्यायचा मजकूर मी रश्मीला करून दिला. तुझ्या लेकीने फार काही मागितलं नव्हतं, फोटोखाली छापायला चार ओळी. इतकी वर्षं डेस्कवर बसून लोकांच्या मरणाच्या बातम्या नीटनेटक्या केल्या, तेव्हा त्या चार ओळींना वेळ लागायला नको होता. लागला. इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली तुझी नोकरी त्यात आली, भोईवाडा आला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ आली. रविवारी सकाळी तू काय करायचीस, ते आलं नाही. तसल्या मजकुरात ते येत नाही.

आपल्या मंडळाचं नाव तूच ठेवलं होतंस. सपाट वाटा मित्रमंडळ. परळ-लालबागला चार डोकी जमली की मंडळ होतं, मग आपलंही असू दे, म्हणालीस. डोंगर चढायचा नाही, किल्ला गाठायचा नाही, दोर नाही, शिडी नाही. कर्जतच्या बाजूला उतरायचं, उल्हासचा काठ धरायचा, खाचरांच्या बांधांवरून चालत सागाच्या आणि ऐनाच्या रानात शिरायचं आणि दुपारच्या आत पुन्हा नदीवर यायचं. एकदा स्टेशनबाहेरच्या टपरीवर पाठीवर मोठाल्या बॅगा घेतलेल्या पोरांनी आपल्याला विचारलं, "काकू, कुठला किल्ला?"

"किल्ला नाय रे बाबा. नदी," तू म्हणालीस.

"नदीवर काय आहे?"

"काय नाय. ती वाहते, आम्ही चालतो."

पोरं हसली. तूही हसलीस. चहा संपवताना मला म्हणालीस, "त्यांना वर पोचायचं असतं गं. आपल्याला कुठे पोचायचंय? संध्याकाळी परत भोईवाड्यालाच."

मी गिरगावची, तू भोईवाड्याची. रविवार नसता तर आपली ओळख तुझ्या इस्पितळातल्या एका बातमीपुरती राहिली असती. त्या बातमीसाठी तू मला काहीही सांगितलं नाहीस, हे नोंदवून ठेवते. "छापायचं असेल तर साहेबांना विचार, चालायचं असेल तर रविवारी ये," एवढंच म्हणालीस. मी आले. तेव्हापासून तुझ्यासाठी मी "पेपरवाली" झाले आणि नोकरी सुटल्यावरही पेपरवालीच राहिले.

आता त्या रविवारचं.

मंडळात नियम एकच. नदीकाठच्या रानात गुरांच्या पायवाटा जागोजागी फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून वाटेला फाटा आला की पुढच्याने थांबायचं आणि शेवटचा माणूस नजरेला पडल्यावरच निघायचं. शेवटचा माणूस म्हणजे तू. झाडांमधून तुझी पांढरी टोपी दिसली की बसलेले उठायचे, बाटल्यांची झाकणं लागायची, पुढचे चालू लागायचे. आपण कधी माणसं मोजली नाहीत. मोजायची गरजच पडली नाही.

त्या दिवशी समीर पुढे होता. दादरचा, वयाने आपल्या मुलांएवढा, हाताला घड्याळ असं की त्याला त्याची नाडीही कळते. फाट्यावर सगळे थांबले. मी बरीच मागून पोचले, कारण मला चालवत नव्हतं. समीरने मला पाहिलं, बाटली बंद केली आणि निघाला. बाकीचे उठले. मीही त्यांच्यामागून गेले. शेवटी एक ओळखीची बाई येताना दिसली की निघायचं, ही सगळ्यांच्या डोळ्यांची सवय होती. त्या दिवशीही शेवटी एक ओळखीची बाई आली. फक्त ती तू नव्हतीस, आणि माझ्या मागे परब होते.

जेवायला बसेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. डबे उघडले आणि कोणीतरी म्हणालं, "काकांचं सुक्या सुंगटांचं किसमूर कुठाय?" सुक्या कोळंबीचा तो डबा नव्हता, आणि काकाही नव्हते. मग सगळे एकदम उभे राहिले.

समीर धावतच परत गेला. त्याच्यामागे आम्ही. परबांनी फाट्यावरून चुकीची वाट धरली होती. ती खाली नदीवर उतरते आणि तिथेच संपते. करंजाखाली चपला बाजूला काढून ते शांतपणे जेवत होते. समोर पाण्यातल्या काठीवर खंड्या बसला होता.

"काका, घाबरवलंत ना!" समीर म्हणाला. "हाक तरी मारायची."

"मारलंय ना. कोण ऐकता?" परब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात मालवणी अजून तशीच आहे, करी रोडला जन्म गेला तरी. "फाट्यार इलंय, तर कोण नाय. मी म्हटलंय, शालन खंय गेली?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मगे आठावला."



या नियमावरून आपण दोघी किती भांडलो आहोत. तुझ्या गॅलरीत, तू बोंबील साफ करत असताना. माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला सगळ्यात पुढे ठेवायचं. त्याच्या चालीने सगळे चालतील, कोणी मागे पडणार नाही, कोणाला ताटकळावं लागणार नाही.

"परबांना पुढे?" तू म्हणालीस. "म्हणजे सगळ्यांचे डोळे त्यांच्या पाठीवर. गुडघा कुरकुरला की अख्ख्या मंडळाला कळणार."

"मागे ठेवलं तरी कळतंच."

"मागे मी असते."

"म्हणजे शिव्या तू खायच्या."

"खाते ना. तुझ्यापण खाते." आणि हातातला बोंबील माझ्याकडे रोखून, "तू पेपरात सगळ्यांना रांगेत लावायचीस ना, मोठी बातमी वर, छोटी खाली. माणसं तशी लावता येत नाहीत, पेपरवाली."

शिव्या तू खायचीस, हे खरंच. पुढून ओरडा व्हायचा, "शालनताई, आज येताय की उद्या?" आणि झाडीतून तुझा आवाज यायचा, "लग्न ठरलंय काय रे तुझं, एवढी घाई?" कधी तुझ्या चपलेत खडा गेलेला असायचा, कधी कुठला पक्षी दिसलेला असायचा, कधी कोणीतरी टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या तू गोळा करत असायचीस. परबांचं नाव त्यात कधीच आलं नाही. उशीर नेहमी शालनमुळे व्हायचा. शेवटच्या भांडणात तू म्हणाली होतीस, "थांब, पुढच्या वेळी तुला पटवते." मी वाट पाहिली असती.

परब हरवले त्याच संध्याकाळी समीरने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. त्याचा हेतू चांगला होता, भाषाही सांभाळून वापरलेली. सेफ्टीसाठी यापुढे दोन बॅच करूया का? एक रेग्युलर, एक रिलॅक्स. रिलॅक्स बॅचने अर्ध्या वाटेपर्यंत यायचं आणि नदीवर बसायचं. खाली अंगठ्यांची रांग लागली. परबांनी जोडलेले हात पाठवले आणि पुढे काहीच लिहिलं नाही. ते येणार नाहीत, हे मला कळलं. तुलाही कळलं असतं.

खरं सांगायचं तर मीही येणार नव्हते. दमले होते. तुझ्या घरी बुद्धवंदनेला बसले, पांढऱ्या साडीतल्या तुझ्या मैत्रिणींना चहा दिला, रश्मीसोबत तुझी कपाटं उघडली, बंद केली. घरी आल्यावर जिना चढवेना. रविवार संपला असता तर मला चाललं असतं. परबांना चाललं नसतं. परबवहिनी गेल्यापासून ते आठवडाभर खाली उतरतात ते दुधाला. मुलगा आणि सून सकाळी बाहेर पडतात, रात्री येतात. चाळीच्या जागेवर टॉवर झाला, त्यातलं त्यांचं घर इतकं वर आहे की खिडकीतून खालची माणसं ओळखू येत नाहीत. रविवार काढून घेतला तर त्या माणसाकडे काय उरतं, याची यादी करायला मला फार विचार करावा लागला नाही.

मी करी रोडला गेले. त्यांनी स्वतः चहा केला, फार गोड.

"रिलॅक्स म्हणजे मी एकटोच ना?" त्यांनी विचारलं.

"आणखी कोणी येईल."

"कोण? तुमी?" ते हसले. "बाई, माका अर्ध्या वाटेर बसवून ठेवतले, मगे येताना उचलून हाडतले. सामान काय मी?"

 मग त्यांनीच तुझा विषय काढला.

"शालन माझ्या मागसून कित्याक चालायची, माका कळत नव्हतां काय? पयल्या दिवसापासून कळत होतां. तिना कधी दाखवल्यान नाय, म्हणून मीय कधी दाखवलंय नाय." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पण गेल्या पावसानंतर ती खरीच थांबायची."

"खरीच म्हणजे?"

"म्हणजे मी फुडे जाय, आणि मागे वळून बघूचा तर ती दगडार बसलेली. हात असो छातीर. इचारला तर म्हणायची, पान बघतेय, किती छान लाल झालंय बघा. तिच्या हातात पान नसायचा." परब खिडकीकडे पाहत होते. "मगे मी आणखी हळू चालूक लागलंय. तिका उठून धावूक लागू नये म्हणून. फुडचे वराडत, शालनताई, शालनताई. मी म्हणा, वराडूदेत."

मी किती वर्षं लोकांकडून माहिती काढण्याचं काम केलं, तुला माहीत आहे. समोरचा माणूस जे सांगतो ते दुसऱ्या कोणाकडून तपासल्याशिवाय मी मानत नाही. घरी येऊन रश्मीला फोन केला. परबांनी सांगितलेलं विचारलं. ती म्हणाली, "मावशी, आई जिन्यात थांबायची. प्रत्येक मजल्यावर. मी विचारलं की म्हणायची, शेजारणीशी बोलत होते." पुढे म्हणाली, "शेजारणीला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, आमचं बोलणं व्हायचं नाही, ती फक्त उभी असायची."

म्हणजे दोघांकडून दुजोरा मिळाला. तिसरी तू, आणि तू उपलब्ध नाहीस.

आयुष्यभर तू लोकांच्या रक्ताचे अहवाल तयार केलेस. कोणता आकडा वाढला की घाबरायचं, हे तुला डॉक्टरांच्या आधी कळायचं. आजूबाजूच्या बायकांना तू हात धरून तपासणीला नेलं आहेस, मलाही नेलं आहेस, आणि मी कुरकुर केल्यावर रांगेत सगळ्यांसमोर ओरडली आहेस. स्वतःचं रक्त तू कधी त्या टेबलावर ठेवलंस का? रश्मीला माहीत नाही. मला माहीत नाही. तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलीस, की तुला खरंच कळलं नाही? यातलं एक खरं असेल तर मला तुझा राग येतो. दुसरं खरं असेल तर कोणावर रागवायचं ते समजत नाही. सध्या राग आहे असं धरून चालते. ते सोपं जातं.

आणि तरीही, रात्री झोप येत नाही तेव्हा त्या वाटेचं चित्र समोर येतं ते असं. पुढे आम्ही, वेळ पाहत. मागे झाडीत दोन माणसं. एक दुसऱ्याचा गुडघा लपवतंय, दुसरं पहिल्याचा श्वास. दोघांनाही सगळं माहीत आहे आणि दोघंही पानांबद्दल बोलतायत. आम्हाला ते फक्त उशीर म्हणून दिसलं. तुम्हाला तो वेळ मिळाला याचं मला बरं वाटतं, हेही लिहून ठेवायला हवं.

मी ग्रुपवर लिहिलं, बॅच नकोत, परबकाका पुढे चालतील, सगळे त्यांच्या मागे. समीरने फोन केला. "चालेल मॅडम. पण वेळ लागेल."

"लागू दे."

"मला काही नाही हो. बाकीच्यांना घरी जाऊन स्वयंपाक असतो." मग, "शालनताई असत्या तर त्यांनी मला झापलं असतं ना, त्या मेसेजवरून?"

"असतं."

"मग तुम्ही झापा थोडं."

मला जमलं नाही. परबांना कळवलं. "बॅच नाय ना? मगे येतंय," म्हणाले.

गेल्या रविवारी गेलो. सागाची पानं गळून वाटभर पडली आहेत, कोणी चाललं की दूरवर ऐकू जातं. खाचरांत वाल आलेत. नदीचं पाणी खाली गेलंय आणि काठावरचे दगड उघडे पडलेत. परब सगळ्यांच्या पुढे होते, स्वच्छ शर्ट घालून. त्यांच्यामागे समीर, मग बाकीचे, शेवटी मी. तुझ्याशी चाललेला वाद मी आज जिंकणार, असं सकाळी वाटलं होतं.

कोणी घाई केली नाही. कोणी घड्याळ पाहिलं नाही. एरवी वाटेवर भाजीच्या भावापासून जावयापर्यंत सगळं निघतं, त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलतही नव्हतं. सगळे इतके जपून पावलं टाकत होते की ते जपणं परबांना पाठीवर कळत असणार. ते दर थोड्या वेळाने मागे पाहत. माफी मागितल्यासारखं हसत. मग जोर लावून भरभर चालत आणि लगेच मंदावत. बांध जिथे रुंद होतो तिथे ते बाजूला झाले.

"जावा तुमी फुडे."

"नाही काका, तुम्हीच," समीर म्हणाला.

"अरे जा. माका जरा मुतूचा आसा. तांय सगळ्यांका सांगू?"

सगळे हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. एकेक जण पुढे सरकला. परबांना लघवीबिघवी काही लागली नव्हती, ते नुसते उभे होते. मी शेवटी पोचले तेव्हा त्यांनी मलाही हाताने वाट दाखवली.

मला पुढे जायचं होतं. गेले नाही. तुझ्या जागी उभं राहायचं असं काही माझ्या मनात नव्हतं. मी तुझ्याएवढी चांगली नाही आणि हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. पाय उचलत नव्हते. पंधरवडाभर जे जिन्यात, स्वयंपाकघरात, बसच्या रांगेत होत होतं, तेच तिथे झालं.

"परब, मी दमलेय," मी म्हटलं. "खरंच दमलेय हो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. विचारलं काही नाही. बांधावरचा एक दगड पायाने हलवून पाहिला, पक्का आहे म्हटल्यावर बोट दाखवलं. "बसा वायच."

मी बसले. ते बसले नाहीत, माझ्या आणि वाटेच्या मधे उभे राहिले. रानाच्या तोंडाशी, जिथे फाटा फुटतो, तिथे मंडळ थांबलेलं दिसत होतं. थोड्या वेळाने समीरची हाक आली.

"काका! काय झालं? मॅडम ठीक आहेत ना?"

परबांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. "मॅडमांका काय धाड भरली? माझो गुडघो दुखता! थांबा थंयच!"

इतकी वर्षं ज्या गुडघ्याबद्दल मंडळात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, तो त्यांनी अख्ख्या नदीकाठाला ऐकवला. पलीकडच्या शेतात वाकलेली एक बाई उभी राहून बघू लागली.

"बसा, बसा आरामात!" पुढून आवाज आला, आणि त्यांच्या बोलण्याचा गलका पुन्हा सुरू झाला.

मी उठले तेव्हा परबांनी मला पुढे घातलं. वाट अरुंद होती, नदी डाव्या हाताला. मागे सागाच्या पानांवर त्यांची पावलं वाजत होती. मधेच ती थांबायची. थांबली की मीही थांबायचे, पाण्याकडे बघायचे, माझा दम परत आला की तेही चालू लागायचे. त्यांचा गुडघा खरंच दुखत होता की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही, शालन. विचारणारही नाही.